रश्शाचं गणित

आदिमानवासारखं जेवा, असं सांगणारी पुस्तकं हल्ली कोल्हापुरातही वाचली जातात. धान्य नको, डाळ नको, दूध नको, गूळ नको. हे पथ्य मनावर घेतलं तर भाकरी गेली, मिसळ गेली, गंगावेशीतलं दूध गेलं, राहिलं मटण. कोल्हापूरकर म्हणेल, मग बिघडलं कुठं?

ईटन आणि कॉनर या अमेरिकी अभ्यासकांच्या १९८५च्या लेखापासून ही कल्पना गाजू लागली. पण मूळ पुरुषाचं ताट सगळीकडे एकसारखं कधी होतं? गॅलिलीच्या सरोवराकाठी, ओहालोला, तेवीस हजार वर्षांपूर्वी माणसं रानटी सातू दगडावर भरडत होती. शेती तेव्हा फार लांब होती. आणि आपलं तरी ‘पूर्वापार’ किती जुनं? जोंधळा आणि नाचणी आफ्रिकेची, मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेचे. पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापुरातलंच ब्रह्मपुरीचं टेकाड खणलं. तिथल्या सातवाहनकाळच्या रहिवाशापुढे तांबडा रस्सा ठेवला असता, तर तो घाबरून पंचगंगेकडे पळाला असता.

मोठेपणी दूध पचणं हीसुद्धा गेल्या काही हजार वर्षांतली गोष्ट, आणि तीही सगळ्यांच्या नशिबी नाही. तरी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळली जाते, कोमट फेसाळ ग्लास हातात येतो, फेस मिशीला लागतो, तेव्हा हा वाद कोण घालणार? फक्त एवढंच, की तो खुराक तालमीतल्या पोराचा. जोर-बैठका मारून घामानं लाल माती भिजवणाऱ्याचा. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यानं तोच ग्लास रिचवून पैलवानाचा वारसा सांगू नये.

वारसा बघायचाच तर घरचं मटण शिजताना बघा. मीठ-हळद लावून आधी पाण्यात शिजवायचं. त्या पाण्याला अळणी म्हणायचं, ते पोरांना आणि आजाऱ्याला. त्यातल्याच थोड्यात तीळ, खसखस, खोबऱ्याचं वाटण घातलं की पांढरा, उरलेल्यात कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. अर्ध्या किलोत घरदार जेवायचं ते या रश्शाच्या जोरावर. वाट्याला फोडी दोन, बाकी भाकरी कुस्करून रस्सा ओढायचा. पाव्हणं आलं तर तांब्याभर आधण वाढवायचं. मुंडी, पाया, वजडी, रक्ती, काही टाकायचं नाही. आषाढात टेंबलाई देवीला नवं पाणी वाहिलं की पंगती उठायच्या, आणि श्रावण लागला की मटणाचं पातेलं फळीवर.

आता हॉटेलच्या ताटात सुकं, फ्राय, खिमा, वर उकडलेलं अंडं. रस्सा बिचारा वाटीत, हवा तेवढा फुकट. ज्यानं घर जगवलं तो तोंडी लावण्यापुरता उरला. भाकरीचंही तेच, उसापुढे जोंधळा मागे पडला. जोंधळा चार महिन्यांत रान मोकळं करतो, ऊस बारा ते अठरा महिने पाणी पितो. ऊस काढा म्हणायची माझी छाती नाही. जिल्ह्याच्या चुली त्यावर पेटतात. पण चंदगड-आजऱ्याकडची नाचणी आठवड्यातून दोनदा तव्यावर पडली, तर कारखाना काही बंद पडत नाही.

आमच्या घरी रविवारी अर्धा किलोच येतं. थोरला ताटात चमचा फिरवून विचारतो, “आई, फोड कुठाय?”

“मिळाल्या की दोन. रस्सा ओढ.”