पाणी धरून बसलेला दगड

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात तिकीट काढून रत्नं खणायची खाण नाही. इथं विहीर असते. वैशाखात एखाद्या रानात नवी विहीर पडायला लागली, यारी करकरू लागली, की काठावरच्या ढिगापाशी जरा थांबावं. मालकाला विचारूनच, आणि सुरुंग उडवायचे असतील त्या दिवशी मुळीच नाही.

वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांमागे दख्खनवर लाव्हा पसरला. त्यातला वायू वर येता येता अडकला आणि खडकात पोकळ्या उरल्या. पुढे त्यांत पाणी शिरलं. खडकातली द्रव्यं विरघळवत, भिंतींवर कणाकणानं ठेवत राहिलं, गच्च काळोखात. फुटलेल्या दगडात आज दिसतो तो सगळा त्या पाण्याचाच संसार: गारगोटीचे लखलखते कंगोरे, कधी अकीकाची वलयं. आणि दैव उघडलंच तर स्टिल्बाइट, फिकट गुलाबी, मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या ज्वारीच्या पेंडीसारखा.

स्टिल्बाइटापुढे माझे हात आपोआप जुळतात. हा झिओलाइट खनिजांच्या कुळातला. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं या कुळातला खडा तापवला, तर तो उकळल्यागत फसफसला. पाणी त्याच्या घडणीतच असतं! माणसं पाण्यासाठी खाली उतरतात आणि वाटेत ज्याला उचलून बाजूला फेकतात, त्यानं युगानुयुगं पाणीच उराशी धरलेलं असतं. पिता न येणारं, हेही खरं.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींमुळे कॅव्हनसाइट या खनिजाची निळाई जगभर पोचली. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं अशा खड्यांचं संग्रहालयच आहे. काचेआड, दिव्याखाली सगळंच देखणं दिसतं. मला मात्र ओल्या मुरमात निम्मा झाकलेला खडा अधिक भावतो. त्याच्या पाठीला त्याचं घर अजून चिकटलेलं असतं.

खोदणाऱ्यांना हे सांगू लागलं तर ते ऐकतात, खडा उन्हात फिरवून बघतात आणि म्हणतात, “पानी लागू द्या भाऊ आधी.” झरा लागतो त्या दिवशी नारळ फुटतो, घरचे सगळे काठावर गोळा होतात. ढिगाकडे तेव्हा कोणी फिरकत नाही. मीही वाकून पाणीच बघतो.