गंज

गेल्या दिवाळीत बाबांना डायबेटीस निघाला. आजोबा हार्ट अटॅकनेच गेलेले, त्यामुळे घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मी पडलो भावी इंजिनिअर! पॉकेटमनीतून अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली आणली.

"कशाच्या रे ह्या?" बाबांनी विचारलं.

आता ऑक्सिडेशनला मराठीत काय म्हणायचं? कॉन्व्हेंटची कृपा! म्हटलं, "बाबा, शरीराला आतून गंज चढतो. ह्या गोळ्या तो थांबवतात."

दोन महिन्यांनी होस्टेलवर आईचा फोन. "अरे, ह्यांनी सकाळचं फिरणं बंद केलंय. म्हणतात, गंजाची गोळी घेतो ना!"

माझ्या पोटात गोळाच आला. मग बसलो वाचायला.

गंजाची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. पेशी ऊर्जा तयार करताना फ्री रॅडिकल्स निर्माण होतात. रक्तात साखर सतत जास्त असली की ते वाढतात. धमनीच्या भिंतीत शिरलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइझ होतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथेच थर साचू लागतो. मग गोळी घेतली की झालं, नाही का? नाही! ब्रिटनमध्ये हृदयविकार, मधुमेह वगैरे असलेल्या २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई, सी ही जीवनसत्त्वं आणि बीटा-कॅरोटीन रोज दिलं. २००२ साली निकाल आला. हार्ट अटॅकमध्ये, मृत्यूंमध्ये फरक शून्य.

दुसरा धक्का जर्मनीतला, २००९ सालचा. तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, पण सी आणि ई घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही. कारण व्यायामात तयार होणारे थोडे फ्री रॅडिकल्स हा शरीराला निरोप असतो, की तुझी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढव. गोळ्यांनी तो निरोपच अडवला. लोखंड गंज चढला तरी गप्प बसतं, शरीर उत्तर देतं. माझी उपमा इथेच चुकली होती.

रात्री फोन करून सगळं सांगितलं. "बाबा, चूक माझी. डॉक्टरांची औषधं चुकवू नका, फळं-भाज्या खा. पण माझी बाटली बंद, आणि फिरणं चालू करा."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अर्धी बाटली उरलीय रे. पैसे गेले तुझे."

आता आमचा करार झालाय. सकाळी साडेसहाला घरून निघताना ते मिस्ड कॉल देतात, मी ग्राउंडवरून उलट देतो. आजोबांचा नातू मीही आहेच ना! रूम पार्टनर मात्र त्या रिंगने रोज वैतागतो. त्यालाही एक दिवस ग्राउंडवर नेणार आहे.