पेण ते रोहा, एका स्वमग्न मुलासोबत

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की पनवेल मागे पडल्यावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडीकडची खाजणे यांच्यामध्ये पेण लागते. शहरात शिरण्यापूर्वीच हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांची नावे कानी पडू लागतात. या गावांत घराच्या पडवीपासून मागच्या परसापर्यंत मूर्तींचे काम चालते. विसर्जन झाल्यावर थोडी उसंत मिळते न मिळते तोच पुढच्या वर्षीच्या साच्यांना हात लागतो. माघ-फाल्गुनात येणाऱ्याला पांढऱ्या, बिनरंगी मूर्तींच्या रांगा दिसतात. ज्येष्ठ-आषाढात त्यांच्यावर रंग चढतो. आणि श्रावणात आखणी करणारे कारागीर श्वास रोखून मूर्तीचे डोळे रेखताना दिसतात. त्यानंतरचे दिवस टेम्पो, ट्रक, गवताचा पेंढा आणि गिऱ्हाइकांचे. शांत तालुक्याचे गाव पाहता पाहता गजबजते.

प्रवासवर्णनांत पेण येते ते मूर्ती आणि पापड-पोह्यांसाठी, रोहा येते ते कुंडलिका आणि धावीर महाराजांसाठी. येथे या दोन्ही गावांकडे एका निराळ्या प्रवाशाच्या बाजूने पाहायचे आहे. बाजारपेठेत दुकान आणि वरच्या मजल्यावर घर असलेल्या एखाद्या व्यापारी कुटुंबातील दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. त्याला स्वमग्नता आहे. तो बोलतो, परंतु मोजके. एकदा ऐकलेले वाक्य दिवसभर जसेच्या तसे म्हणतो. दुकानातील डबे ठरलेल्या क्रमाने नसतील तर ते लावल्याखेरीज त्याचे मन लागत नाही. त्याच्यासारखी मुले विरळा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात दर 127 माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे आपल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या समाजमेळाव्यात असे एखाद-दोन जण असणारच. ते दिसत नाहीत, याचे कारण बहुधा एवढेच की त्यांना घरी ठेवून यावे लागते.

या मुलाला पेण आवडते. सकाळी दूधवाला, मग शटर वर जाण्याचा आवाज, मग आजोबांनी गादीवर बसून वही उघडणे, हा त्याचा दिनक्रम. वर्षाचे नऊ-दहा महिने गाव त्याला साथ देते. मग एका सकाळी समोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीचा मांडव उभा राहतो, रंग फवारणाऱ्या यंत्राची घरघर सुरू होते, रोजची वाट मालमोटारींनी अडते आणि दुकानात अनोळखी माणसांची रीघ लागते. मोठ्यांच्या दृष्टीने हा धंद्याचा हंगाम. मुलाच्या दृष्टीने त्याचे गाव कोणी रातोरात उचलून नेले आहे. दुपारपर्यंत तो कान झाकतो, येरझारा घालतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. आणि संध्याकाळी, दुकान भरलेले असताना, जमिनीवर अंग टाकून किंचाळू लागतो, डोके आपटतो, जवळ येणाऱ्याचा हात चावतो.

पाहणारा त्याला हट्ट म्हणतो. हट्टाला काही हवे असते, आणि ते मिळाले की हट्ट संपतो. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहत आहे की नाही, हेही डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत असते. या आकांताला, ज्याला डॉक्टर मंडळी मेल्टडाउन म्हणतात, काहीच नको असते. आवाज, वास, प्रकाश आणि अनपेक्षित बदल यांचा भार मेंदूला पेलवेनासा झाला की तो असा बाहेर पडतो. त्या क्षणी चॉकलेट देऊन उपयोग नाही, रागावून नाही आणि समजावूनही नाही. कारण ऐकून घेणारे द्वार तेवढ्यापुरते बंद झालेले असते. व्यापारी घराला आणखी एक जाच आहे. घरातील दुःख येथे गिऱ्हाइकासमोर घडते. ‘मुलाला जरा वळण लावा’ असा सल्ला देणारा जुना गिऱ्हाईक असतो, त्याला उलट बोलता येत नाही. मग आईच मुलाला ओढत वर नेते, आणि त्या ओढण्याने आकांत दुप्पट होतो.

अशा वेळी करण्यासारखे थोडेच असते, पण ते नेमके करावे लागते. गर्दी बाजूला करावी, मुलाला शक्यतो हलवू नये. शक्य तो दिवा आणि पंखा बंद करावा. डोक्याखाली उशी किंवा कापडाचा गठ्ठा सारावा. कापड दुकानात त्याची वाण नसते. एकाच माणसाने जवळ राहावे, आणि त्यानेही बोलू नये. बोललेच तर दोन शब्द, हळू आवाजात. मिठी काही मुलांना शांत करते, काहींना जाळते. ते घरच्यांनाच ठाऊक असते. मग वाट पाहावी. दहा मिनिटे लागतील किंवा पाऊण तास लागेल. भर ओसरल्यावर मूल थकून जाते, पुष्कळदा झोपते. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न त्या दिवशी तरी विचारू नये, त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. आणि बाहेर काहीच बदललेले नसताना असे वारंवार होऊ लागले तर दात, कान, पोट तपासून घ्यावे. ज्याला दुखणे सांगता येत नाही, तो ते असेच सांगतो.

खरे काम मात्र आकांताच्या आधीचे आहे. ते व्यापारी कुटुंबाला समजावे, अशी एक जुनी सोय आपल्या पेढ्यांच्या भाषेत आहे. हुंडी दोन प्रकारची असे. दर्शनी हुंडी दाखवताच रक्कम मोजावी लागे. मुदती हुंडीला मुदत असे, तेवढ्या अवधीत पेढीवाला जुळवाजुळव करी. भल्या भल्या पेढ्या एका दिवशी अनेक दर्शनी हुंड्या आल्याने अडचणीत आल्या. त्यांच्याजवळ मालमत्ता नव्हती असे नाही, वेळ नव्हता. स्वमग्न मुलाला बदल सोसत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. दर्शनी बदल सोसत नाही. मुदत दिली तर तो पुष्कळ काही सोसतो.

भाद्रपदात याची कसोटी लागते. संवत्सरी आणि गणेश चतुर्थी बहुधा एकाच दिवशी किंवा लागोपाठ येतात. दिगंबर घरांत लगेच दशलक्षण पर्व सुरू होते. बाहेर ढोल आणि घरात पर्व. दुकानाच्या वेळा बदलतात, आई-आजी प्रतिक्रमणाला जातात, पाहुणे येतात, आणि ताटातील हिरवी भाजी नाहीशी होते. जो मुलगा वर्षभर एकच दुधीची भाजी एकाच वाटीत खातो, त्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. हे त्याला पंधरा दिवस आधी कळवता येते. दिनदर्शिकेवर त्या दिवसांना एकाच रंगाची खूण करावी, भाजीच्या जागी येणाऱ्या मुगाच्या वाटीचे छायाचित्र चिकटवावे, आणि पर्वाच्या आधीच आठवड्यातून एकदा तो मूग त्याच्या वाटीत, भाजीच्या शेजारी, चमचाभर वाढावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपल्या घरांतील नियम मात्र या मुलांना मानवतो. सूर्याइतके वक्तशीर घड्याळ दुसरे नाही. (पाहुण्यांच्या आग्रहाखातर तो नियम मोडणारी घरे पाहुण्यांपेक्षा मुलावर जास्त अन्याय करतात.)

आता रोह्याकडे. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि मार्ग दोन. महामार्गाने वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड असे जाता येते. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. आज डावीकडून जाणारी वाट उद्या उजवीकडून जाते, कालचे झाड आज नसते, खोळंबा किती वेळचा हे कोणी सांगू शकत नाही. मोठ्या माणसाला त्याचा वैताग येतो. ज्या मुलाने रस्त्यावरील प्रत्येक पाटी क्रमाने पाठ केली आहे, त्याचे काय होत असेल याची कल्पना करावी.

दुसरा मार्ग रेल्वेचा. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग 1986 मध्ये सुरू झाला. दिवसातून मोजक्याच असलेल्या दिवा-रोहा गाड्यांपैकी एखादी धरली, की पेणनंतर कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. चार नावे, कधीही न बदलणारा क्रम. गाडीला उशीर होतो, पण निडीच्या आधी रोहा येत नाही. ही चार नावे चार कागदांवर लिहून मुलाच्या हाती द्यावी, आणि प्रत्येक स्थानक मागे पडले की एक कागद पिशवीत टाकायला सांगावे. खिडकीतून भातखाचरे दिसतात, नागोठण्याजवळ अंबा नदीचा परिसर लागतो, पावसाळ्यात सगळा देखावा एकाच हिरव्या रंगाचा. सोबत कान झाकणारे हेडफोन, घरचे पाणी, ओळखीचा खाऊ आणि ओळखीची चादर असावी. आणि शेवटी एक कोरा कागद द्यावा, ज्यावर फक्त प्रश्नचिन्ह असेल. गाडी मध्येच थांबली, तर तो कागद दाखवायचा. ‘आता काय होईल ते माहीत नाही’ हीसुद्धा आधी सांगता येण्यासारखी गोष्ट आहे.

रोह्याला उतरल्यावर रेल्वेतील मंडळी एक गोष्ट हटकून सांगतात: येथून कोकण रेल्वे सुरू होते. 26 जानेवारी 1998 रोजी तिचे लोकार्पण झाले. गावात शिरले की चिंतामणराव देशमुखांचे नाव भेटते. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर रायगड जिल्ह्यातलेच, महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. ते गव्हर्नर झाले 1943 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. सर्व काही नेहमीसारखेच राहावे, ही त्या मुलांची तीव्र ओढ त्याने तेव्हाच टिपून ठेवली होती.

कुंडलिकेची गोष्ट या मुलांना सांगण्यासारखी आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते. टाटांचे हे वीजगृह 1927 पासून चालू आहे. वीज निर्माण झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेत येते. कोलाडकडे सकाळी तराफ्यांची जी मौज चालते, ती या सोडलेल्या पाण्यावर. आठमाही कोरड्या पडणाऱ्या नद्यांच्या मुलखात ही नदी वेळापत्रकाने वाहते. तराफ्यात बसवण्याची घाई मुळीच करू नये. काठावर दूर बसून पाणी पाहणे पुरेसे आहे. तासन्‌तास वाहते पाणी पाहण्यात इतर मुलांना कंटाळा येतो. या मुलाला येत नाही, आणि त्याच्यासोबत बसलेल्या आईला कित्येक दिवसांत मिळाली नसेल अशी उसंत मिळते.

दसऱ्याच्या सुमारास मात्र रोहा वेगळे असते. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, ही ब्रिटिश काळापासूनची प्रथा, आणि मग पालखी वाजतगाजत गावभर फिरते. मामाचे घर पालखीच्या वाटेवर असेल तर दोन मार्ग आहेत. मुलाला त्या दिवसांत नेऊच नये, हा एक. त्यात कमीपणा नाही. दुसरा मार्ग असा, की आठवडाभर आधी त्याच घरात एक रात्र काढावी, ढोलाचा आवाज भ्रमणध्वनीवर अगदी हळू ऐकवावा, मागची एक खोली त्याची म्हणून ठरवावी आणि त्या खोलीत त्या दिवशी कोणत्याही पाहुण्याने पाऊल ठेवू नये. मामाने हे आपल्या घरच्यांना बजावून सांगितले, तर निम्मे काम झाले. नातेवाइकांकडून एवढेच हवे असते; औषध, उपास आणि अंगारा यांची माहिती नको असते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, त्यात ती आली. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या वतीने सही कोण करणार, हा प्रश्न 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीपुढे न्यावा लागतो. तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, म्हणजे पेण-रोह्याच्या माणसाला अलिबागला जावे लागते. दुकानाची भागीदारी, वारसपत्र, नामनिर्देशन ही कामे आपली कुटुंबे चोख करतात. या मुलाचे नाव आले की मात्र ‘भाऊ बघेल’ एवढ्यावर विषय थांबतो. भावाला कोणी विचारलेले नसते. प्रमाणपत्रामुळे बहिणीचे लग्न अडेल या भीतीने कागद न काढणारी घरेही आहेत. त्यांनी चार गावांत चौकशी करावी, कोणापासून काही लपलेले नसते.

रोह्याहून संध्याकाळची गाडी धरायची असेल तर आपल्या घरी जेवण स्थानकावर जाण्यापूर्वीच उरकते. पिशवीतले चार कागद उलट्या क्रमाने लावून द्यावेत: निडी, नागोठणे, कासू, पेण. प्रश्नचिन्हाचा कागद सर्वांत वर.