घर्म, घाम आणि थर्म

मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल अकरावीला विज्ञान शाखेत गेले, की पहिल्या दोन महिन्यांतच घरात एक प्रश्न उभा राहतो. विषय ओळखीचे असतात, पण पुस्तकाच्या प्रत्येक ओळीत चार अनोळखी शब्द आडवे येतात. कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी, आपल्या दुकानदार घरांतून, या प्रश्नाचे उत्तर तयारच असते : वाणिज्य शाखा घे, दुकान आहेच. मुलगी असेल तर हे उत्तर अधिकच लवकर दिले जाते. गेल्या चातुर्मासात माझ्या नातीच्या बाबतीत हेच घडू लागले होते. भौतिकशास्त्रातील ‘थर्मल प्रॉपर्टीज ऑफ मॅटर’ हे प्रकरण तिने तीनदा उघडले आणि तीनदा मिटले. शाखा बदलण्याचा अर्जही आणून ठेवला होता.

मी शिक्षक नव्हे. माझा जन्म कापडाच्या गाठी सोडण्यात गेला. परंतु शब्दांच्या कुळकथा वाचण्याचा नाद जुना आहे, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आमच्या गादीमागील कपाटात चोपड्यांच्या शेजारी असतो. मी तिला म्हटले, “बेटा, हे शब्द सुटे सुटे पाठ करू नकोस. खतावणीत आपण नावानावाचे खाते उघडतो, तसे एकेका मूळ शब्दाचे खाते उघड.”

पहिले खाते ‘थर्म’चे. ग्रीक भाषेत ‘थर्मॉस’ म्हणजे उष्ण. त्याखाली थर्मामीटर, थर्मोस्टॅट, थर्मल हे शब्द आले. आयसोथर्म म्हणजे तिच्या भूगोलातील समताप रेषाच. एक्झोथर्मिक म्हणजे उष्मादायी, एंडोथर्मिक म्हणजे उष्माग्राही. हे मराठी शब्द तिला शाळेपासून येत होते. चुनकळीवर पाणी घातले की ती कशी फणफणते, हेही तिने पाहिले होते. तिच्या दादीच्या गुडघ्याला डायथर्मीचा शेक देतात, तो शब्द तिनेच आणून खात्यात मांडला : ‘डाया’ म्हणजे आरपार.

येथवर केवळ सोय झाली होती. खरी गंमत पुढे आहे. ग्रीकांचा ‘थर्मॉस’ आणि संस्कृतातील ‘घर्म’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत. घर्म म्हणजे ऊन, उष्णता, आणि पुढे त्या उष्णतेने येणारा घामही. आगमांची भाषा जी प्राकृत, तिच्यात त्याचे ‘घम्म’ झाले आणि मराठीत ‘घाम’. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. तसेच घर्म, घम्म, घाम. फारसीने हाच वारसा ‘गर्म’ म्हणून जपला, तो आपण ‘गरम’ करून घेतला. साखर कारखान्यात भट्टीला ‘फर्नेस’ म्हणतात, तोही लॅटिनमार्गे आलेला याच घराण्यातील. आमच्या तालुक्यात गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगाराच्या कपाळावर जो घाम असतो, त्याचे थर्मामीटरशी असे रक्ताचे नाते आहे.

हे नाते कोणी कल्पनेने जोडलेले नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला मांडले. पुढे १८७७ मध्ये मुंबईत डॉ. रा. गो. भांडारकरांनी संस्कृत, प्राकृत आणि त्यांपासून निघालेल्या आपल्या भाषांवर विल्सन व्याख्याने दिली. मात्र या विद्येत सावधपण लागते. नात लगेच म्हणाली, “दादाजी, मग थर्म म्हणजे धर्मच असेल!” नाही. धर्म हा ‘धृ’पासून, धारण करणे या अर्थाचा. आडनाव सारखे म्हणून कोणी भाऊबंद ठरत नाही. ध्वनी कोणत्या नियमाने बदलले, ते दाखवावे लागते. कॅलरी हा उष्णतेचा शब्द असूनही या खात्यात बसत नाही, तो लॅटिन ‘कॅलोर’चा.

उपसर्गांनी मात्र तिला जिंकले. ‘हायपो’ हा आपल्या ‘उप’चा सगोत्र, ‘हायपर’ हा ‘उपरि’चा. म्हणजे हायपोथर्मिया आणि हायपरथर्मिया या दोन भीतिदायक शब्दांतील प्रत्येक अवयव तिच्या ओळखीचा निघाला. मीटरमध्ये ‘मात्रा’, स्टॅटमध्ये ‘स्था’. ग्रीसमधील थर्मोपिली ही खिंड इतिहासप्रसिद्ध आहे. तिचे नाव गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडले, जसे आपल्या कोकणात उन्हवरे.

व्यापाऱ्याच्या घरात थर्मासची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. तपस्येच्या दिवसांत उकळलेले पाणी ज्यात ठेवतो, ते निर्वात भांडे जेम्स देवार यांनी १८९२ मध्ये बनवले, पण त्याचे पेटंट घेतले नाही. जर्मनीतील कारागिरांनी १९०४ मध्ये त्याला ‘थर्मॉस’ नाव देऊन बाजारात आणले, आणि नफा त्यांचा झाला. पुढे नाव इतके गाजले, की १९६३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ते सर्वसामान्य शब्द ठरवले आणि कंपनीचा त्यावरील एकाधिकार सैल झाला. नाव फार चालले तरी मालकाच्या हातून जाते, हे माझ्या मुलाने या निमित्ताने ऐकले.

पर्युषणात तिच्या आईची अठ्ठाई चालू असताना नातीनेच विचारले, ‘तप’ या शब्दाला तिकडे कोणी नातेवाईक आहे काय? आहे. तप् म्हणजे तापणे. कर्मांना ताप देऊन निर्जरा करते ते तप, सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. त्याचा लॅटिनमधील भाऊबंद इंग्रजीत ‘टेपिड’ झाला, आणि त्याचा अर्थ कोमट! आठ दिवस केवळ पाण्यावर असलेली सून हे ऐकून इतकी हसली, की तिला बसावे लागले.

पहिल्या चाचणीत नातीचे गुण फार चढले असे नाही. आकडेमोड शब्दांनी सुटत नाही, तिला सराव लागतो. परंतु अर्ज तिने भरला नाही. ज्या मराठीला ती ओझे समजू लागली होती, ती आता पुस्तक वाचताना हाताशी घेऊन बसते. वहीत ‘थर्म’ची दोन पाने भरली आहेत, आणि परवा तिने नवे खाते उघडले : ‘हायड्रो’. पहिल्या ओळीत तिने स्वतःच लिहिले आहे, ‘उदक’.