मूकपटातली माणसं खरंच तुरुतुरु चालायची का?

मूकपट दाखवला की मुलं हसतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ लावला, तरी कृष्णाचं काम करणारी छोटी मंदाकिनी फाळके बघायच्या आधी सगळ्यांचं लक्ष माणसांच्या चालण्याकडे. “मॅडम, तेव्हा लोक असेच पळायचे का?” हा प्रश्न ठरलेला. पालकांनाही वाटतं की तेव्हाचा कॅमेराच कच्चा, म्हणून तसं दिसतं. मला हा त्या कॅमेऱ्यावर आणि तो फिरवणाऱ्या माणसावर अन्याय वाटतो.

त्या कॅमेऱ्याला मोटार नसायची. लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की आतली नखी फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून ती जराशी खाली ओढायची. फिल्म क्षणभर स्थिर, शटर उघडलं, चित्र उमटलं, पुन्हा ओढ. घरी शिलाई मशीन असेल तर मुलांना दाखवा. कापड सरकतं, थांबतं, टाका पडतो, पुन्हा सरकतं. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंना आपल्या यंत्राची कल्पना शिवणयंत्रावरूनच सुचली होती.

आता थोडं गणित. हँडलच्या एका फेऱ्यात साधारण आठ चित्रं. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर सोळाच चित्रं बसतात, म्हणून सेकंदाला एक फूट, मिनिटाला साठ फूट. सहावी-सातवीच्या मुलांना हे सहज जमतं.

पण हे हाताने करून बघायला हवं. मी वर्गात मुलांना हवेतच हँडल धरायला लावते. एक मिनिट, १२० फेरे, घड्याळाकडे न बघता. कुणाचे शंभरच होतात, कुणाचे दीडशे, आणि हात तर सगळ्यांचेच दुखतात! ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्र्यंबक तेलंग यांनी हेच केलं, तेही नटांकडे आणि उन्हाकडे लक्ष ठेवून. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळणार, हात घाईत आला की ती रेंगाळणार.

फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत गेले आणि पडद्यावर रोप बघता बघता वर आलं. आपण ‘वनस्पतींची वाढ’ शिकवताना हे सांगायला काय हरकत आहे?

मग माणसं पळतात का? बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रं हा वेग पक्का झाला. सोळाने टिपलेली फिल्म चोवीसने चालवली की सगळं दीडपट वेगाने होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा. साठाने भागलं तर जवळजवळ ६२ मिनिटं, नव्वदने भागलं तर ४१. वीसेक मिनिटं कुठे गेली, ते मुलांनाच विचारा. (तेव्हाचे थिएटरवालेही कधी कधी घाईने हँडल मारत, ते वेगळं.) मोबाईलवर मूकपट लावताना वेग ०.७५ करून बघा, बहुतेकदा चाल माणसासारखी होते. काही प्रतींत वेग आधीच सुधारलेला असतो, त्यांना हात लावायची गरज नाही.

फाळक्यांकडे निदान विलायती कॅमेरा होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर तो स्वतःच घडवला. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस, अभियांत्रिकीचं शिक्षण नाही. नखी, शटर, दातेरी चाकं, सगळं दामल्यांच्या मदतीने जुळवलं आणि त्याच कॅमेऱ्याने ‘सैरंध्री’ टिपला. १९२० साली तो पडद्यावर आला. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातला एक मुलगा, एरवी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा, दुसऱ्या दिवशी सायकलची जुनी चेन आणि दोन चक्रं घेऊन आला. “मॅडम, एका फेऱ्यात आठ कसे बसवायचे, ते सांगा ना.”