दुरुस्तीची नोंद

नाशिकच्या भांडी बाजारामागे गोदाकाठाकडे उतरणाऱ्या एका बोळात कापडाच्या जुन्या पेढीचे गोदाम आहे. तेथील उंच ओट्यावर ताडपत्रीखाली एक मोटारसायकल जवळजवळ एकोणतीस वर्षे उभी होती. १९६७ सालची जावा, अडीचशे सीसीची, गर्द तांबड्या रंगाची. घसारा लागून लागून पेढीच्या ताळेबंदात तिची किंमत नाममात्र एक रुपया उरली होती. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची उंची सांगणाऱ्या या गावात २००८ च्या सप्टेंबरमध्ये गोदावरीचे पाणी बाजारपेठेत शिरले. पण गाडी ओट्यावर असल्यामुळे वाचली. पुरापासून वाचली, तरी चालू मात्र होत नव्हती. इंजिन जाम होते.

ही गाडी पेढीच्या पैशाने घेतलेली. नोंदणी मात्र धाकट्या भावाच्या नावावर. तेव्हा थोरले बावीस वर्षांचे आणि धाकटे एकोणीस वर्षांचे होते. सिन्नर, निफाड, येवला, चांदवड अशा बाजारगावी दोघे भाऊ याच गाडीवर जात. पुढे बसणारा धाकटा, मागे बसणारा थोरला. त्याच्या मांडीवर नमुन्यांचे गाठोडे आणि खिशात उधारीची यादी. 'जावा' हे नाव जानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून आले. फ्रांटिशेक जानेचेक यांनी १९२९ मध्ये प्राग येथे ही कंपनी काढली. भारतात इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूर येथे तिचे उत्पादन सुरू केले. पुढे तीच गाडी येझदी या नावाने निघू लागली. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडी, ही तिची खूण. दांडी आत दाबून वर फिरवली की तिची किक होते. हे कसब धाकट्या भावाला एका दिवसात जमले, थोरल्यांना महिना लागला.

१९९४ च्या हिवाळ्यात धाकटे सिन्नरहून वसुली करून आले, ती गाडीची शेवटची फेरी. त्यानंतर पेढीने टेम्पो घेतला आणि गाडी गोदामात राहिली. पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी ती बाहेर काढली, तेव्हा किक जागची हलेना. हे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच साधारण पंचवीसास एक या प्रमाणात ऑइल मिसळावे लागते. तेच सिलिंडरला वंगण पुरवते. ऑइल राहून गेले तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. थोरल्यांनी तेवढ्यावरून निदान केले : सिन्नरला पेट्रोल भरताना ऑइल घालायचे राहिले. "मी ऑइल घातलं होतं, दादा," असे धाकट्यांनी सांगितले. थोरल्यांनी ते ऐकून घेतले, मानले नाही. "निष्काळजीपणाने वस्तूही जातात आणि धंदाही जातो," हे वाक्य त्यांनी नोकरांसमोर उच्चारले. घरात इतर कुरबुरी होत्याच. त्याच दिवाळीला वह्या वेगळ्या झाल्या. वाटणीच्या यादीत गाडीचे नाव आले नाही. कोणी ती मागितली नाही, कोणी देऊही केली नाही. पुढे दोन्ही घरे लग्नात आणि मरणात भेटत राहिली, तेवढेच.

२०२३ च्या हिवाळ्यात थोरल्यांचा नातू सुट्टीत घरी आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी. ताडपत्री काढून त्याने गाडी पाहिली आणि माहिती आणली. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'विंटेज' नोंदणीचे नियम केले आहेत. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तिचे मूळ रूप मात्र बदललेले नसावे. "आणि अर्जावर मालकाची सही लागेल, आजोबा. म्हणजे काकाआजोबांची."

"आधी इंजिन सुटू दे," एवढेच उत्तर मिळाले.

नातवाने उत्साहाने किकवर उभे राहून झटका देण्याची तयारी केली, तोच सारडा सर्कलकडून बोलावलेल्या वृद्ध मिस्त्रींनी त्याला खाली उतरवले. अडकलेल्या इंजिनवर जोर केला की आतले दाते तुटतात. हातोडा मारला तर पिस्टन फुटतो, प्रसंगी क्रँककेसला तडा जातो. आणि इंजिनचा क्रमांक त्या क्रँककेसवरच कोरलेला असतो. तो गेला की गाडीची ओळख गेली. "घाई करायची असेल तर मला बोलवू नका," मिस्त्री म्हणाले.

प्रथम सायलेन्सर काढले. एकाच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते आणि ते बंद होते. थोरल्यांच्या पत्नीने ते फोडू दिले नाही. सायलेन्सर तसेच कोनाड्यात ठेवले गेले आणि घर रिकामे झाल्यावरच धुतले गेले. मग स्पार्क प्लग काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे खिडक्या असतात. पिस्टन खाली अडकला असता तर वरून घातलेले तेल त्या खिडक्यांतून वाहून गेले असते. सुदैवाने तो खिडक्यांच्या वर थांबला होता. मिस्त्रींनी अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल समप्रमाणात मिसळून प्लगच्या भोकातून ओतले. अॅसिटोन क्षणात पेट घेते, म्हणून गोदामात दिवा, उदबत्ती, विडी यांना बंदी झाली आणि दारे उघडी ठेवली गेली.

तेलाची पातळी मोजण्यासाठी एका तारेवर खूण केली होती. रोज सायंकाळच्या जेवणाआधी थोरले स्वतः ती तार आत घालून पाहत आणि वहीत आकडा लिहीत. पहिले तीन दिवस पातळी जागची हलली नाही. चौथ्या दिवशी ती दोन मिलिमीटर उतरली. म्हणजे कोठेतरी केसाएवढी वाट सापडली होती. आठव्या दिवशी मिस्त्रींनी ते मिश्रण उपसून काढले, सिलिंडर पुसून कोरडा होऊ दिला आणि उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी बाहेरून गुंडाळली. सिलिंडर बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा. बाहेरून ऊब दिली की आधी सिलिंडर फुगतो आणि फट किंचित रुंदावते. पुढे दोन्ही थंड होताना अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट आकसते आणि पकड आणखी ढिली होते. त्या फटीत ताजे ऑइल सोडायचे. हे तीन दिवस चालले.

मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली. त्या गिअरमध्ये मागच्या चाकाला लावलेला जोर सर्वाधिक प्रमाणात क्रँकपर्यंत पोचतो. चाक पुढे, चाक मागे. झटका नाही, फक्त हाताचे वजन. टायरवर खडूची रेघ होती. बाराव्या दिवशी आतून बारीक 'कट्' असा आवाज आला आणि रेघ बोटभर पुढे सरकली. नातू ओरडला. मिस्त्रींनी त्याला पूर्ण फेरा देऊ दिला नाही. गंजाचे कण आत असताना चाक फिरवले तर सिलिंडर खरवडतो. त्यांनी हेड आणि सिलिंडर खोलून घेतले.

पिस्टन कागदावर ठेवला गेला. मिस्त्रींनी चष्मा पुसला, पिस्टन फिरवून चारी बाजूंनी पाहिला आणि सिलिंडर उजेडाकडे धरला. कोरड्या चाललेल्या इंजिनच्या खुणा ठरलेल्या असतात. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे पडतात, वितळलेले अॅल्युमिनियम रिंगांवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर लिंपले जाते. येथे तसे काहीच नव्हते. पिस्टनचे अंग गुळगुळीत होते. सिलिंडरमध्ये, रिंगा जेथे टेकल्या होत्या नेमक्या तेथेच, तांबूस गंजाचा आडवा पट्टा होता. रिंगा बिडाच्या, सिलिंडरही बिडाचा; नदीकाठच्या गोदामातल्या पावसाळी ओलाव्याने दोन्ही एकमेकांना धरून बसली होती.

"शेठ, ही गाडी कोरडी कधीच चाललेली नाही," मिस्त्री म्हणाले. "ऑइल नसतं तर ती सिन्नरहून इथवर आलीच नसती. उभी राहिली, म्हणून जाम झाली."

सिन्नर ते नाशिक सुमारे तीस किलोमीटर. हा हिशेब अवघड नव्हता. व्याजाची आणेवारी तोंडी करणाऱ्या माणसाला तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी, त्या दसऱ्याच्या दिवशीच करता आला असता. थोरले बराच वेळ ओट्याच्या कडेला बसून राहिले. नातवाला त्यातले काही ठाऊक नव्हते. त्याने विचारले, "आजोबा, आनंद नाही झाला?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून गंगापूर रस्त्यावरील धाकट्या भावाच्या घरी गेले. अर्ज सोबत नेला नव्हता. दार धाकट्यांनीच उघडले. "जय जिनेंद्र, दादा," ते म्हणाले आणि बाजूला झाले. थोरल्यांनी दिवाणखान्यात बसून पुडी उघडली, पिस्टन टेबलावर ठेवला.

"ऑइल घातलेलं होतं," थोरले म्हणाले. "चूक माझी. आणि मी ते नोकरांसमोर बोललो होतो, तीही माझीच."

धाकट्यांनी पिस्टन हातात घेतला, अंगठ्याने त्याच्या कडेवरून फिरवला. काही वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "रिंगा मिळतील का रे दादा आता?" बालपणी ते थोरल्यांना 'अरे' म्हणत. मोठेपणी ते सुटले होते.

गाडी अजून चालू झालेली नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. सुटे भाग शोधून आणावे लागतात. सिलिंडर बोअर करून त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घालायच्या आहेत, क्रँकचे कडक झालेले रबरी सील आणि बेअरिंग बदलायचे आहेत. अर्जावर मात्र सही झाली आहे. मिस्त्रींकडे काम कोठवर आले ते पाहायला दोघे भाऊ आता दर रविवारी एकत्र जातात.

जमाखर्च जाणणाऱ्या घरांना एक नियम ठाऊक असतो. वहीतील चुकीची नोंद कोणी खरवडून काढत नाही, पानही फाडत नाही. चूक कळेल त्या दिवशीची तारीख घालून तिच्यासमोर दुरुस्तीची नोंद करतात आणि पूर्वीची नोंद तशीच वाचता येईल अशी राहू देतात. थोरल्यांच्या त्या वहीत, तेलाच्या पातळीच्या आकड्यांखाली, बाराव्या दिवसापुढे एकच ओळ आहे : 'ऑइल होते. माझी समजूत चुकीची.' खाली तारीख आणि सही.