शेजारच्या काकू हव्यात!

नगरच्या सावेडीतून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आले आणि प्रायव्हसी मिळाली म्हणून जाम खूश झाले. शेजारी कोण राहतं, आजही माहीत नाही. फॅरिस आणि डनहॅम यांनी १९३९ मध्ये शिकागोबद्दल हेच मांडलं: स्किझोफ्रेनियाचे पेशंट सर्वांत जास्त कुठे, तर भाडेकरू सतत बदलणाऱ्या मध्यवस्तीत. एकटेपणामुळे, की आजारी माणसंच तिथे येतात? वाद जुनाच. पण सुरुवात बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयात!

माझ्या मामेभावाचं रात्र-रात्र जागणं, स्वतःशी बोलणं आधी हेरलं ते शेजारच्या काकूंनी. आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून डॉक्टर वर्षभर लांबले, तेही त्याच गल्लीच्या धाकाने. शेजार हवा, बोभाटा नको. बाजूचा मुलगा चार दिवस दिसला नाही, तर बेल वाजवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही सेव्ह करून ठेवा.